खुर्चीच्या हातावरची गुट्टी दर वर्षी वर का येते, आणि ती न फोडता काढून परत कशी बसवायची

जुन्या सागवानी किंवा शिसवी खुर्चीच्या हातावर, पाठीच्या पट्टीवर रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक गोल टिकली दिसते. तिच्याखाली स्क्रू असतो. इंदूरचे मिस्त्री तिला गुट्टी म्हणतात, कोणी डाट म्हणतं. तक्रार नेहमी एकच असते: गुट्टी वर आली, ठोकून बसवली, फेविकॉल लावून बसवली, वर्षभरात पुन्हा वर आली किंवा पडून हरवली. मग कोणीतरी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) घालून ती उचकटतं, भोकाच्या कडेचा टवका उडतो आणि खुर्ची कायमची विद्रूप होते.

मी गेली बरीच वर्षं रामबागेतल्या घराच्या मागच्या पडवीत जुन्या खुर्च्या दुरुस्त करते. ज्यांच्याकडून शिकले ते चाचा बोलायचे थोडं, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती: “गुट्टी को मत देखो, पेच को देखो.” गुट्टी स्वतःहून सहसा बिघडत नाही. खाली काहीतरी हलतंय, गंजतंय, किंवा आधीच्या कोणी चुकीच्या मापाची गुट्टी मारली आहे, हे ती सांगत असते. ते न बघता नवा गोंद लावला तर पुढच्या वर्षी तुम्ही त्याच जागी असाल.

आधी ती गुट्टीच आहे ना, ते बघा

हे मी मुद्दाम सर्वांत आधी लिहिते आहे, कारण इथे चुकलं तर भरून येत नाही. माझ्या आजोबांच्या आरामखुर्चीच्या मागच्या पायावर दोन गोल टिकल्या होत्या. मी त्या गुट्ट्या समजून ड्रिल लावलं. आत स्क्रू नव्हताच. साल-चुलीच्या सांध्यातून (साल म्हणजे खाच, चूल म्हणजे तीत बसणारी जीभ) आरपार ठोकलेल्या त्या खुंट्या होत्या. चुलीतलं भोक सालीच्या भोकापेक्षा किंचित आत पाडलेलं होतं, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आपोआप आवळला गेला होता. गोंदाचा थेंबही नसताना तो सांधा साठ-सत्तर वर्षं टिकला होता आणि मी तो दहा मिनिटांत सैल केला. आजही त्या पायाकडे बघून मला वाईट वाटतं.

फरक ओळखणं अवघड नाही. टॉर्च आडवी धरून प्रकाश तिरका पाडा आणि टिकलीचं तोंड बघा. गुट्टी आडव्या रेषेच्या लाकडातून कापलेली असते, म्हणून तिच्या तोंडावर लाकडाच्या लांब रेषा दिसतात आणि त्या आजूबाजूच्या रेषांशी जुळलेल्या असतात. खुंटीचं तोंड ओंडक्याच्या कापासारखं दिसतं, बारीक छिद्रांचं, आणि पॉलिश जास्त पिऊन काळपट झालेलं. शंका असेल तर चुंबक फिरवा. लोखंडी स्क्रू असेल तर हलकी ओढ जाणवते. पितळी स्क्रूला चुंबक लागत नाही, तेव्हा चुंबक गप्प राहिला म्हणून आत काही नाही असं समजू नका. खुर्ची उलटी करा. हाताच्या खालून, पायातून वर येणारी चूल दिसते का, तिचा सांधा कुठून आवळला आहे, याचा विचार करा. ती टिकली खुंटी असेल, तर ती काढणं म्हणजे सांधा उघडणं. उघडायची गरज नसेल तर तिला हात लावू नका.

ती कोणत्या महिन्यात वर येते?

खुर्ची घेऊन कोणी आलं की मी हा प्रश्न विचारते, आणि अर्धं निदान तिथेच होतं.

नवतपात, म्हणजे मे संपताना, बोटाला टोचेल इतकी वर येते आणि पाऊस लागला की परत सपाट होते, असं असेल तर तिथे गुट्टीऐवजी गोल दांडीचा तुकडा मारलेला आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. सागवान हिरवं असताना कापून पूर्ण वाळवलं तर एका आडव्या दिशेत साधारण अडीच टक्के आणि दुसरीत पावणेसहा टक्क्यांच्या आसपास आकसतं, लांबीत मात्र नगण्य. दांडीचा तुकडा भोकात उभा असतो, त्याची उंची तशीच राहते आणि भोवतीचा खुर्चीचा हात जाडीत आकसतो. म्हणून तुकडा वर आल्यासारखा दिसतो, खरं तर हातच खाली गेलेला असतो. ओलावा पाच-सहा टक्क्यांनी बदलला तर आठ-दहा मिलिमीटरच्या खोलीत वहीच्या कागदाच्या जाडीइतका फरक पडतो, आणि माणसाच्या बोटाला तेवढा नक्की कळतो. मे महिन्यात तो घासून सपाट केलात तर श्रावणात तिथे खळगा दिसेल. उपाय एकच, तो काढून आडव्या रेषेची गुट्टी बसवायची.

मे महिन्यात वर न येता चक्क सैल होऊन पडते, तर माप चुकलं आहे. जुन्या खुर्च्या सुतात बनल्या आहेत. एका इंचात आठ सूत. देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 मध्ये, पण सुतारांची जीभ आणि गिरमिटं त्यानंतरही बराच काळ सुतातच राहिली. तीन सुताचं भोक म्हणजे 9.5 मिमी, चार सुताचं 12.7 मिमी. आज इंदूरच्या सियागंज बाजारातून प्लग कटर (गुट्टी कापायचं बिट) आणाल तर तो 10 आणि 12 मिमीचा मिळण्याची शक्यता जास्त. 12 ची गुट्टी 12.7 च्या भोकात घातली की व्यासात जवळजवळ पाऊण मिलिमीटरची फट राहते. तिथे गोंद भरला जातो, गोंद वाळून आकसतो आणि पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात गुट्टी हातात येते. उलट 10 ची गुट्टी साडेनऊच्या भोकात हातोडीने मारली तर खुर्चीच्या हातालाच रेषेच्या दिशेने चीर जाते. कॅलिपरने भोक मोजल्याशिवाय कटर विकत घेऊ नका. दुकानदार “एकच आहे, चालेल” म्हणाला तरी नाही.

पावसाळ्यात वर येते आणि भोवती काळी कडी दिसते, तर खाली लोखंडी स्क्रू गंजतो आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि स्क्रूच्या डोक्याला टेकलेल्या गुट्टीला खालून वर ढकलतो. बाभळीच्या लाकडात ही काळी कडी फार गडद होते, कारण चामडं कमवायला वापरतात तोच तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो.

आणि महिन्याशी काही संबंधच नसेल, दिवाळीत पाहुणे येऊन बसले की वर येते, तर सांधा हलतो आहे. एकाला खुर्चीत बसवा, त्याला हातावर जोर देऊन उठ-बस करायला सांगा आणि आपलं बोट गुट्टीवर ठेवा. बोटाखाली हालचाल जाणवली तर गुट्टीचा विचार सोडा, आधी सांधा.

काढण्याची पद्धत

घाई नको. एका गुट्टीला अर्धा तास लागला तरी चालेल.

प्रथम गुट्टीच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने क्रमांक आणि रेषेच्या दिशेचा बाण काढा. काढलेली गुट्टी त्याच क्रमांकाच्या खणात ठेवायची. आठवड्याच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा मिळतो, तो या कामाला उत्तम. प्रत्येक गुट्टी आपल्याच भोकात आणि त्याच दिशेने परत गेली पाहिजे. अर्धा फेरा फिरवून बसवलेली गुट्टीही डोळ्याला खुपते, कारण रेषांचा उतार उलटा पडतो आणि प्रकाश वेगळा परततो.

मग नवं ब्लेड घेऊन गुट्टीच्या कडेने पॉलिशचा पापुद्रा कापा. हे न केल्यामुळेच बहुतेक टवके उडतात. पॉलिशचा थर गुट्टी आणि हात या दोन्हींवर अखंड पसरलेला असतो, गुट्टी उचलली की तो शेजारचं लाकूड घेऊन उठतो.

नखाने टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर गुट्टी आधीच सुटलेली आहे, सुईच्या टोकाने कडेला हळू उचललं तरी येईल. आवाज भरीव असेल तर मधोमध दीड ते दोन मिलिमीटरचं छिद्र पाडा. ड्रिलच्या बिटावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा आणि धातू लागताच थांबा. आता पाऊण-एक इंची, चार नंबरचा बारीक स्क्रू घ्या आणि कानशीने त्याचं अणकुचीदार टोक बोथट करा. टोक तसंच ठेवलं तर ते खालच्या स्क्रूच्या खाचेत घुसतं किंवा बाजूला सरकून भोकाची भिंत खातं. स्क्रूला मेणबत्ती चोळा आणि तो गुट्टीत अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने घाला. बोथट टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकलं की त्याला पुढे जायला जागा राहत नाही, आणि प्रत्येक फेऱ्याला गुट्टीच त्याच्यावरून वर चढू लागते. पहिल्यांदा हे डोळ्यांनी बघताना मी श्वास रोखून धरला होता.

अडली तर जोर लावू नका, गुट्टी रेषेवर दुभंगेल. जुन्या खुर्च्यांत बहुधा सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) असतो आणि सरस उष्णतेने मऊ होतो. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या ओढणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा. ऊब स्क्रूतून थेट आत जाते, वरच्या पॉलिशला कमी झळ लागते. मग पाव फेरा. पुन्हा ऊब, पुन्हा पाव फेरा. कोणी आधी फेविकॉलने चिकटवली असेल तर तोही गरम होऊन मवाळ होतो, पण वेळ जास्त लागतो. स्पिरिट सोडण्याचा सल्लाही मिळतो. स्पिरिटने सरस ठिसूळ होतो हे खरं आहे, पण लाखेचं पॉलिशही त्याच स्पिरिटात विरघळतं. ज्या हाताचं पॉलिश वाचवायचं आहे तिथे मी तो मार्ग घेत नाही.

दुभंगलीच तर दोन्ही तुकडे जपा. कोरडे जुळवून बघा, मग सुपरग्लूच्या एका थेंबाने जोडा आणि कपड्याच्या चिमट्यात धरा. जुनी, दुभंगून जोडलेली गुट्टी नव्या गुट्टीपेक्षा मला नेहमी बरी वाटते, कारण तिच्या तोंडावरचा रंग साठ वर्षांच्या हातांनी आणलेला असतो. तो डबीतून मिळत नाही.

काहीच जमलं नाही तर ती गुट्टी सोडावी लागते. तिच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर लहान बिटाने मधला गाभा काढा आणि उरलेली कडी बारीक पटाशीने आतल्या बाजूला पाडा. भोकाच्या कडेवर कोणतंही हत्यार टेकवून उचकटू नका. तिथे उठलेला चंद्रकोरीसारखा व्रण पॉलिशने झाकत नाही.

खालचं काम

गुट्टी निघाली की स्क्रूची खाच सुईने कोरून साफ करा. तिच्यात सरस, पॉलिश आणि गंज दगडासारखे बसलेले असतात. खाचेच्या रुंदीइतक्याच पात्याचा पेचकस हवा. अरुंद पातं खाच फाडतं, रुंद पातं भोकाची भिंत खरवडतं. मी दोन जुने पेचकस खास तीन सुताच्या भोकासाठी घासून ठेवले आहेत. आधी किंचित आवळा, मग सोडवा. आवळताना गंजाची पकड तुटते. पितळी स्क्रू असेल तर हात फारच हलका ठेवा, डोकं तुटलं तर दिवस गेला.

स्क्रू जागच्या जागी फिरत असेल तर त्याचं भोक झिजलं आहे. लोक माचिसच्या काड्या भरतात. ते लाकूड मऊ, एक-दोन वर्षांत दबतं. सागवानाची निमुळती खपली तासून सरसात बसवा, रात्रभर वाळू द्या, मग नवं भोक पाडा. सांधा हलत असेल तर तो पूर्ण उघडून जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने काढा आणि ताजा सरस लावा. जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही, ताजा सरस मात्र जुन्याशी मिळून जातो. गंजलेला लोखंडी स्क्रू शक्य तर त्याच मापाच्या पितळीने बदला, पण आधी लोखंडी स्क्रूने आटे पाडून घ्या आणि मग पितळी घाला.

परत बसवताना

गुट्टी कोरडी घालून बघा. वर राहिली तर खालून तासा. वरून कधीही नाही. याच एका गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले आहे. मिस्त्रीची सवय अशी की गुट्टी मारायची, वरचा भाग पटाशीने उडवायचा, पॉलिश पेपर फिरवायचा. नव्या गुट्टीला ते ठीक आहे. जुन्या गुट्टीचं तोंड हेच तिचं मोल आहे, ते उडवलं तर तिला वाचवण्याचे सगळे श्रम वाया गेले. खाली स्क्रूच्या डोक्यापासून केसभर अंतर राहील इतकी ती तासा, म्हणजे गंज परत आला तरी लगेच ढकलणार नाही. सहा मिलिमीटरची जाडी उरली तर उत्तम. तीनपेक्षा कमी उरली तर ती धरणार नाही. त्या वेळी खाली पातळ सागवानी चकती चिकटवून तिला उंची द्या.

सैल झाली असेल तर रंध्याचं पातळ सालपट घ्या आणि लाकडाच्या रेषेला समांतर असलेल्या दोन बाजूंना लावा. तिथे त्याची कड रेषेत मिसळते. रेषा आडव्या कापल्या जातात त्या बाजूंना लावलं तर तिथे कमान दिसते.

स्क्रूच्या खाचेत मेणबत्तीचं मेण भरा. पुढच्या माणसाला खाच साफ मिळेल आणि गोंद उतरला तरी धरणार नाही. चिकटवायला फक्त कडेला सरसाचा पातळ हात, किंवा स्पिरिटात घट्ट विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे. सागवानात तेल असतं, म्हणून आधी कापसाच्या बोळ्याने गुट्टीच्या कडेला थोडं स्पिरिट फिरवून ती पुसून घ्या, तोंडाला न लावता. फेविकॉल नको, दोन डब्यांचा कडक गोंद (इपॉक्सी) तर अजिबात नको. ही गुट्टी झाकण आहे, तिने वजन उचलायचं नाही. पन्नास वर्षांनी कोणाला स्क्रू आवळायचा असेल तर ती निघाली पाहिजे. बाणाच्या खुणेने दिशा जुळवा, वर मेणकागद ठेवून अंगठ्याने दाबा, मग शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) हलकेच रात्रभर.

मधलं बारीक छिद्र लाखेच्या कांडीने भरा. लाख, चिमूटभर गेरू आणि काजळी, गरम सुरीच्या टोकाने थेंब सोडायचा आणि थंड झाल्यावर ब्लेड आडवं धरून सपाट करायचा. ठिपका अगदी बारीक दिसतो. तो पूर्ण लपवायच्या नादात भोवतीचं पॉलिश खराब करू नका.

कोणी मला विचारतं, एवढ्याशा टिकलीसाठी इतकं का. आपल्या इंदूरच्या माणिकबागेसाठी, म्हणजे होळकर महाराजांच्या महालासाठी, 1930 च्या सुमारास जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसने घर आणि सामान आखलं, युरोपातल्या नामवंतांच्या खुर्च्या आल्या, आणि 1980 मध्ये मोनॅकोत त्यांचा लिलाव झाला. त्या खुर्च्यांचा हिशेब लोकांकडे आहे. आपल्या घरांत उरल्या त्या इथल्याच सुतारांनी केलेल्या, ज्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. त्या सुताराने गुट्टीसाठी त्याच फळीचा तुकडा शोधला, रेष जुळवली, हे त्या टिकलीत दिसतं. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि ते मला उकिरड्यावर टाकवत नाही.

एखादी गुट्टी हरवलीच असेल तर नवी बाजारच्या लाकडातून कापू नका. खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कोपऱ्यात आतून लावलेला तिकोनी ठोकळा त्याच झाडाचा असण्याची शक्यता खूप असते. त्याच्या न दिसणाऱ्या बाजूतून एक गुट्टी निघते. तीन सुताचा कटर मिळाला नाही तर 10 मिमीची गुट्टी कापून ती ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरवर साडेनऊपर्यंत उतरवा.

शेवटी बैठकीच्या खालच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणत्या क्रमांकाची गुट्टी जुनी, कोणती नवी, कोणता गोंद, कोणता महिना. आजोबांच्या खुर्चीखाली मी लिहिलं आहे, “डावा हात, जुनी गुट्टी, सरस, खाचेत मेण, वैशाख.” त्यानंतर एक पावसाळा गेला. भाद्रपदात बोट फिरवून बघितलं, कड लागली नाही. आता नवतपा जाऊ दे, मग पुन्हा बघेन.